भावाची दारू, आईची प्रार्थना आणि चहातली पावडर

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला कळेल. धाकटा भाऊ, वय ३६, साखर कारखान्यात नोकरी, बायको आणि दोन मुलं. बारा वर्षं पितोय, त्यातली शेवटची चार वर्षं सकाळी उठल्यापासून. नाताळाच्या आधी संजीवन सभेत त्याने पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. प्रार्थना करणाऱ्या एका बंधूंनी सांगितलं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही फेकल्या. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तो ओरडत अंगावरच्या मुंग्या झटकत होता, आणि जमलेल्या लोकांनी ठरवलं की हा दुष्टात्मा आहे. त्यातून तो वाचला, पाच आठवडे दारूला शिवला नाही, आणि चुलतभावाच्या लग्नात पुन्हा सुरू झाला. आता आई म्हणते आपलाच विश्वास कमी पडला. भावजय माहेरी जायचं म्हणते. आणि एका नातेवाइकाने चहात मिसळायची पावडर आणून दिलीय.

तुमचे प्रश्न तीन. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास आहे का? सातांच्या सत्तर पट क्षमा करायची, तर त्याला घरात सांभाळतच राहायचं का? आणि ती पावडर द्यावी का?

मी २३ वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात आणि नंतर कुटुंबांच्या गटांत समुपदेशक म्हणून काम करते. त्याच्याही आधी मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरातली मुलगी आहे. माझे वडील उपासनेत पेटी वाजवायचे आणि शनिवारी रात्री पिऊन यायचे. रविवारी सकाळी देवळात निघताना आई त्यांच्या तळहातावर चार वेलदोडे ठेवायची, आणि ते काही न बोलता तोंडात टाकायचे. आम्ही भावंडं ते बघायचो. वेलदोड्याचा वास आला की आजही मला शनिवारची रात्र आठवते. म्हणून तुमच्या आईबद्दल मी जे लिहीन ते कठोर वाटलं, तरी तिच्या जागी मी माझी आई बघते आहे हे लक्षात घ्या.

पावडरीचं आधी उरकते, कारण ते आजच थांबायला हवं. देऊ नका. अशा गुपचूप द्यायच्या औषधात काय असतं हे पुडीवर लिहिलेलं नसतं. काहींत डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे, आम्हीही वापरतो, पण माणसाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, लिव्हरच्या आणि हृदयाच्या तपासण्या करून, आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावर. हे पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला आपण काय खाल्लंय हेच माहीत नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा क्वार्टर घेणार. शिवाय एक दिवस त्याला कळतंच. मग तो आईच्या हातचा चहाही संशयाने बघतो, आणि आपण पुढे जे काही खरं सांगू तेही त्याला पावडरच वाटतं.

आता त्या दोन रात्री. तुमच्या पत्रातला हा भाग वाचून माझ्या अंगावर काटा आला. रोज भरपूर दारू पिणाऱ्याच्या मेंदूवर दारूचा ब्रेक कायमचा दाबलेला असतो. त्या ब्रेकच्या विरुद्ध चालत राहायचं म्हणून मेंदू ॲक्सिलेटर वाढवत नेतो. वर्षानुवर्षं हे असं चालतं. मग एके दिवशी दारू एकदम बंद केली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलेटर तसाच दाबलेला राहतो. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: किडे-मुंग्या दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणसं मरतात. तुमच्या भावाचं वेळापत्रक अगदी पुस्तकातलं आहे, दुसऱ्या रात्री फिट आणि तिसऱ्या रात्री मुंग्या. आत्म्याला असं घड्याळ नसतं.

कोणी म्हणेल, शुभवर्तमानात आकडी येणाऱ्या मुलातून प्रभूने दुष्टात्मा काढला. काढला. पण ती गोष्ट सांगणाऱ्या मत्तयाच्याच चौथ्या अध्यायात, चोविसाव्या वचनात, प्रभूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे आणि तिच्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे, पक्षाघाती वेगळे लिहिले आहेत. लिहिणाऱ्याला तो फरक ठाऊक होता. आपण दोन हजार वर्षांनी तो पुसून टाकायचं कारण नाही.

एक महत्त्वाचं सांगते, आणि हे ऐकून मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक दचकतात. त्याला एकदा फिट आलेली आहे. पुढच्या वेळी अचानक बंद केल्यावर पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते, आणि दर वेळेचा त्रास आधीच्यापेक्षा वाढू शकतो. म्हणून डॉक्टरच्या देखरेखीची सोय होईपर्यंत त्याला कोंडून, शपथ घालून, उपास करायला लावून दारू एकदम तोडायला लावू नका. आधी रुग्णालय, मग बंद. तिथे पाच ते दहा दिवस मेंदूला शांत ठेवणारी औषधं हळूहळू कमी करत देतात, आणि जीवनसत्त्व बी-वन, म्हणजे थायमिन, इंजेक्शनने देतात. पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणाची बाटली’ लावून भागवू नका.

मग विश्वासाचं काय? हा तुमचा मूळ प्रश्न आहे आणि तुमची आई रात्री याच प्रश्नाने जागी असते, हे मला दिसतंय.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूसाठी त्या माणसाने रस्त्यावर काय काय केलं ते एकदा सावकाश वाचा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. त्या काळातलं औषधच ते. पट्टी बांधली. आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. रात्रभर जवळ राहिला. सकाळी दोन दीनार मोजून दिले आणि जास्त खर्च आला तर परत येताना देईन म्हणाला. औषध, गाडी, बेड, ॲडव्हान्स. प्रभूला ‘शेजारी’ कोण हे सांगायचं होतं तेव्हा त्याने हे एवढे तपशील सांगितले. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलीय, आणि त्याच वाक्यात तेल लावायलाही. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देवाचा शब्द त्यानंतर, चाळीस दिवसांनी. मी वॉर्डात पहिल्या आठवड्यात कोणाला वचन ऐकवत नाही ते यामुळेच. झोप, जेवण, थायमिन. नंतर बोलू.

तुमच्या भावाच्या गोळ्या फेकायला सांगणारे बंधू वाईट हेतूने बोलले असं मी म्हणत नाही. पण मधुमेहाचं इन्शुलिन फेकायला ते सांगणार नाहीत. मग इथे का सांगतात? कारण मनातून आपण दारूला आजार मानत नाही, फक्त पाप मानतो. माझ्या मते ती दोन्ही आहे. पहिला पेला कोणी जबरदस्तीने पाजला नव्हता. आणि आज सकाळचा पेला त्याच्या इच्छेच्या हातात उरलेला नाही. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जे लिहितो, की मला जे करायचं असतं ते मी करत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच करतो, ते वाचून वॉर्डातली माणसं रडतात. हे दारूबद्दल लिहिलेलं नाही हे मी त्यांना सांगते. तरीही रडतात.

उपचार कुठला हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. त्याची लिव्हर कशी आहे, दारूच्या खाली उदासी दडलेली आहे का, तो रोज किती पितो, यावर ते ठरतं. काहींना ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन चालते, काहींना अकॅम्प्रोसेट, आणि काहींना, सगळं समजून घेऊन, डायसल्फिरामच. माझ्या ओळखीचा एक ट्रकचालक रोज सकाळी घरच्या प्रार्थनेनंतर बायकोसमोर स्वतःच्या हाताने गोळी घ्यायचा. ‘आमेन’ म्हणायचं आणि पाण्याचा ग्लास उचलायचा. पावडर आणि ही गोळी, रसायन कदाचित एकच. फरक एवढाच की इथे तो स्वतः हात पुढे करतो.

शपथेबद्दल थोडं. शपथ खोटी नव्हती, ताई. त्या क्षणी त्याने ती मनापासून घेतली असणार. पण ती ‘जन्मभर’ची होती, आणि जन्मभर ही गोष्ट व्यसनी माणसाला पेलतच नाही. लग्नात एक घोट गेला की शपथ मोडली, देवाला फसवलं, आता आपण नरकातच जाणार, मग एक घोट काय आणि बाटली काय. लाजेतून पिणं आणि पिण्यातून लाज, हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की कोणी मोठी शपथ घेतली की मला धास्तीच वाटते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना बघा: आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, मिळाला तोही रोजचा रोज. उद्यासाठी साठवला त्यात किडे पडले. आज नाही प्यायचं, एवढंच. उद्याचं उद्या मागू.

‘फक्त आजचा दिवस’ हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे एएमध्ये, रोज ऐकू येतं. मंडळीतले लोक मला विचारतात, ते ख्रिस्ती आहे का? नाही, ती कुठल्याच धर्माची संघटना नाही. पण मूळ पाहिलं तर १९३५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या अक्रन गावात एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघे दारुडे, एकमेकांशी बोलून कोरडे राहायला लागले, आणि दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जात होते. सुरुवातीच्या त्या लोकांचं आवडतं वाचन होतं डोंगरावरील प्रवचन, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि याकोबाचं पत्र. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा असं याकोब सांगतो; एएच्या सुधारणेच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी तेच करायला लावते. भारतात एए १९५७ पासून आहे, महाराष्ट्रात मराठीतून सभा होतात, आणि फी नाही. आपल्या मुंबईतच बांद्र्याचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले धर्मगुरू. बाराही पायऱ्या आणि त्यांच्या जोडीला बी. के. एस. अय्यंगारांचा योग, अशी त्यांची पद्धत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, ते ख्रिस्ती नाही, पण माझ्याकडची कितीतरी ख्रिस्ती माणसं तिथून नीट होऊन आली आणि पुढच्या रविवारी उपासनेला बसली. देवाला केंद्राच्या पाटीवर क्रूस लागतो असं मला कधी वाटलं नाही.

आता दुसरा प्रश्न, क्षमेचा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो, आणि तो बहुतेक वेळा आईच्या पदराच्या गाठीत बांधलेला असतो.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या आधीचं वाचा. मुलगा दूर देशी डुकरांच्या शेंगा खायला तयार झाला होता, आणि लूक लिहितो की त्याला कोणी काही दिलं नाही. लगेच पुढचं वाक्य: मग तो शुद्धीवर आला. बापाने मागे मनिऑर्डर पाठवली नव्हती. गडी पाठवून उधारी फेडली नव्हती. दार उघडं होतं आणि नजर रस्त्यावर होती, दोन्ही खरं; पण दूर देशातला खर्च बाप चालवत नव्हता.

पौल गलतीकरांना एकाच अध्यायात दोन गोष्टी सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि तीन वचनांनंतर, प्रत्येकाने आपलाच भार वाहावा. लोकांना हे उलटसुलट वाटतं. कुटुंबांच्या गटात मी हे असं समजावते: एकट्याने उचलणार नाही ते ओझं, ते सगळ्यांनी मिळून उचलायचं. दवाखान्याचा खर्च, मुलांची फी, त्याच्यासोबत रात्री वॉर्डात बसणं. आणि भार म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्माचं फळ. कारखान्यात ‘त्याला ताप आहे’ असा फोन करणं, दुकानदाराची उधारी देणं, उलटी पुसून सकाळी काहीच झालं नाही असं वागणं, पदराची गाठ सोडून शंभर रुपये काढणं ‘नाहीतर बाहेर भीक मागेल’ म्हणून. हे सगळे वेलदोडे आहेत. माझ्या आईचे वेलदोडे वडिलांसाठी नव्हतेच खरं तर. ते लोकांसाठी होते.

क्षमा म्हणजे मनातला हिशेब फाडणं. घरात पिऊन येऊ देणं, पैसे देणं, खोटं बोलणं हा क्षमेचा भाग नाही. ‘मी तुला माफ केलंय, आणि तुला दारूसाठी एक रुपयाही देणार नाही’ ही दोन वाक्यं एका दमात म्हणता येतात. आईला जमणार नाही असं वाटेल. पहिल्यांदा जमत नाहीच. तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि ते वाक्य तिच्याकडून दोनचारदा म्हणवून घ्या, अगदी पाठांतर घेतल्यासारखं.

घराबाहेर काढायचं का, याचं एक उत्तर नाही. तो हात उचलतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उचलत असेल तर सगळा विचारच बदलतो. मग भावजयीने आणि मुलांनी आधी सुरक्षित जागी जायचं, आणि ‘पत्नीने पतीच्या अधीन राहावं’ हे वचन तिला कोणी ऐकवत असेल तर त्यांना तुम्ही थांबवायचं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने तिला संरक्षण मिळतं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. तिने माहेरी जाणं म्हणजे लग्न मोडणं नव्हे. कधीकधी त्यामुळेच नवरा पहिल्यांदा दवाखान्यात येतो. हात उचलत नसेल, तर मी घाईने बाहेर काढा म्हणणार नाही. पण अट घालायची ती पाळता येईल अशीच घाला. ‘पुन्हा प्यालास तर तोंड बघणार नाही’ असं म्हणून परवा जेवायला वाढलं, तर पुढच्या अटीला किंमत राहत नाही.

त्याच्याशी बोलायचं कसं, तेही सांगते, कारण बहुतेक घरांत हे रात्री अकरा वाजता, दारात, ओरडून होतं. सकाळी बोला, हात कापायचे थांबण्यापुरती पोटात गेलेली असते पण चढलेली नसते ती वेळ तुम्हाला माहीत असेल. दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. पाळकांना पहिल्याच बैठकीला नेऊ नका. त्यांच्यासमोर तो फक्त ‘हो’ म्हणेल. दोष नको, घडलेलं सांगा: ‘त्या रात्री तू अंगावरून मुंग्या झटकत होतास आणि तुझी धाकटी पलंगाखाली लपली होती. मला भीती वाटते तू मरशील. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय, गुरुवारी दहा वाजता, मी सोबत येईन.’ एवढंच, आणि गप्प बसा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडलेल्या माणसाला प्रभूने आधी विचारलं, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? त्याने सरळ उत्तर दिलं नाही, तळ्यात कोणी उतरवत नाही अशी कारणं सांगितली. प्रभू चिडला नाही. तुमचा भाऊही कारणं देईल. पुढच्या गुरुवारची वेळ घ्या.

मंडळीने काय करायचं, यावर मी पानंच्या पानं लिहू शकेन. दोनच गोष्टी लिहिते. एक, त्याला लवकर साक्ष द्यायला उभं करू नका. महिनाभर कोरडा राहिला की लोक उत्साहाने त्याला व्यासपीठावर नेतात, टाळ्या वाजतात, आणि पुढच्या घसरणीनंतर तो देवळाच्या दारातही येऊ शकत नाही. वर्षभर तरी थांबा. दोन, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत भाकर आणि पेला घेण्याचा विधी. वॉर्डातून सुटून आलेला एक भाऊ मला आठवतो. त्याच्या मंडळीत छोट्या छोट्या पेल्यांत देतात. हात एवढे कापत होते की आधीच्या महिन्यात पेला सांडला होता, आणि मागे कोणीतरी कुजबुजलं होतं. या वेळी तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला. ट्रे घेऊन आलेले मंडळीचे एक वडीलजन, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, थांबले, ट्रे बाकावर ठेवला, एका हाताने त्याचा मनगट धरला आणि दुसऱ्या हाताने पेला त्याच्या ओठांना लावला. काही बोलले नाहीत, पुढच्या बाकाकडे गेले. तुमच्या मंडळीत द्राक्षरस वापरतात की वाईन हे पाळकांना आधी विचारून ठेवा. वाईन असेल तर त्याच्यासाठी रसाचा वेगळा पेला ठेवायला सांगा. कॅथलिक असाल तर नुसता भाकरीच्या रूपात कम्युनियन घेतला तरी तो पूर्णच असतो.

केंद्र निवडताना सावध राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजारही येतात. केंद्र नोंदणीकृत हवं, मानसोपचारतज्ज्ञ येत असले पाहिजेत, आणि साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताच आलं नाही. ‘प्रार्थनेने बरं करतो, भेटायला यायचं नाही, औषध नाही, सहा महिने ठेवा’ असं कोणी सांगितलं, मग ते ख्रिस्ती असो की आणखी कुठलं, तिथून परत फिरा.

तुमच्या आईला माझा एक निरोप द्या. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. म्हणजे ३७ घरांत आत्ता तुमच्यासारखीच आई जागी आहे. या सगळ्यांचा विश्वास कमी पडला असं कसं होईल? तिने प्रार्थना सोडू नये. पण ‘प्रभू, त्याची दारू सोडव’ याच्या जोडीला ‘प्रभू, आज पदराची गाठ न सोडायला मला बळ दे’ हेही मागावं. मेलेल्या लाजराला कबरेतून बाहेर बोलावणं फक्त प्रभूच करू शकत होता. धोंड बाजूला करायला मात्र त्याने लोकांना सांगितलं, आणि जिवंत झाल्यावर अंगावरच्या पट्ट्या सोडायलाही लोकांनाच.

माझे वडील ५१ व्या वर्षी सुटले. पेटीवाल्यांच्या प्रमुखांनी त्यांना सांगितलं होतं, उपचार घेऊन येईपर्यंत तुम्ही पेटीवर बसायचं नाही, पण रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचंच. रागावून तीन आठवडे गेले नाहीत. मग गेले. मधे दोनदा घसरले, प्रत्येक वेळी तो चहा चालू होता. म्हणून पाच आठवडे वाया गेले असं मानू नका. तुमच्या भावाला कोरडे पाच आठवडे कसे असतात हे आता ठाऊक आहे. लग्नात काय झालं, कोण शेजारी होतं, त्याच्या आधी किती दिवस तो एकटा पडला होता, हे वॉर्डात पुढे उपयोगी पडेल.

या आठवड्यात करायचं ते एवढं. पावडर संडासात टाका. आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा नोंदणीकृत केंद्रात वेळ घ्या, मगच त्याच्याशी बोला. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे, जवळचं केंद्र ते सांगतील. १४४१६ वर टेलिमानसचे, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे, समुपदेशक मराठीत बोलतात. तो आला नाही तरी तुम्ही आणि भावजय अल-अनॉनच्या, म्हणजे व्यसनींच्या कुटुंबीयांच्या, सभेला जा. आणि फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: रोज किती पितो, शेवटचा घोट किती वाजता, फिट कधी आली आणि किती मिनिटं, फेकलेल्या गोळ्यांची नावं, जुनी चिठ्ठी सापडली तर तीही. डॉक्टर आधी हेच विचारतील.